नळ्या वितळल्या तिथपासून
राजस्थानातल्या भडला सोलर पार्कचे आकाशातून घेतलेले फोटो पाहिले की हे सगळं कालपरवाचं वाटतं. पण वाळवंटातलं ऊन मोठ्या प्रमाणावर कामाला लावायचा उद्योग 1913 सालीच कैरोजवळच्या मआदी इथे होऊन गेला आहे.

फ्रँक शुमन या अमेरिकी संशोधकाने तिथे पन्हळीच्या आकाराचे पाच आरसे मांडले. एकेक साठेक मीटर लांब. सूर्य सरकेल तसे ते वळायचे, मधोमध बसवलेल्या नळीसारख्या बॉयलरमधल्या पाण्याची वाफ व्हायची आणि त्या वाफेवरचा पंप नाईलचं पाणी कापसाच्या शेतात सोडायचा. वीज नव्हती, नुसती वाफ. आदल्या वर्षीच्या चाचणीत जस्ताचे बॉयलर उष्णतेने मऊ पडून लोंबकळले, म्हणून बिडाचे बसवावे लागले. ऊन जास्त झालं म्हणून अडलेला सौर प्रकल्प, दुसरं काय म्हणायचं!

इजिप्तमध्ये कोळसा जहाजाने आणावा लागे, त्यामुळे शुमनचा हिशेब जमत होता. इजिप्तमधला ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड किचनर याने रस घेतला, जर्मनांनी पैसे देऊ केले. मग 1914 चं युद्ध आलं. 1918 मध्ये शुमन वारला, आणि पुढे स्वस्त तेलाचा जमाना सुरू झाला.

त्या पन्हळी पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिसल्या त्या तेलसंकटानंतर, कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात. लूझ या कंपनीने 1984 ते 1990 मध्ये अशा वाफेवर वीज बनवणारी, मिळून 354 मेगावॉटची केंद्रं उभी केली. गॅस स्वस्त झाला, करसवलती डळमळल्या, 1991 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. केंद्रं मात्र पुढे कित्येक वर्षं वीज देत राहिली. सहाराची वीज युरोपला नेण्याची डेझर्टेक योजना 2009 मध्ये गाजली आणि पाचेक वर्षांत विरली.

भारताने 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू केलं तेव्हा भरवसा आरशांवरही होता. पहिल्या टप्प्यात त्यांना सुमारे 470 मेगावॉट दिले गेले, पण त्यातले मोजकेच प्रकल्प उभे राहिले. तोवर उन्हापासून थेट वीज करणाऱ्या चिनी पॅनेलांचे भाव कोसळले होते. 2017 मध्ये भडल्याच्या लिलावात युनिटचा दर 2 रुपये 44 पैशांवर आला, तेव्हा आरशांचा विषय जवळजवळ मिटलाच.

आज भडल्यात सुमारे 14 हजार एकरांवर 2,245 मेगावॉटची पॅनेलं आहेत. गंमत अशी की पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको. त्याची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते, आणि इथे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. वर धूळ. पाणी दुर्मीळ, म्हणून कोरड्या ब्रशचे रोबो पॅनेलं झाडत फिरतात.

सरकारी दप्तरात ‘पडीक’ असलेली थरची जमीन गुराख्यांना मात्र कधीच पडीक वाटली नव्हती. तिथे ओरण म्हणजे देवराया आहेत, खेजडी म्हणजे आपली शमी आहे. शिवाय माळढोक आहे, ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केलं तोच. अंगाने जड, समोरचं कमी दिसणारा हा पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या भागातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. मार्च 2024 मध्ये तो आदेश सैल झाला आणि कुठली तार जमिनीखालून न्यायची याचा विचार तज्ज्ञांच्या समितीकडे गेला.