डावा इंडिकेटर लावला की ट्रेलर का अडखळतो?

अमेरिकेत फिनिक्सला आमच्या ओळखीतल्या एका काकांनी रिटायर झाल्यावर सेकंडहँड मोटरहोम घेतलं. फोर्डच्या एफ-५३ चासीवरचं, पेट्रोल इंजिन, ३६ फूट लांब, म्हणजे साधारण आपल्या एसटीच्या बसएवढं, आत किचन, बेड, बाथरूम सगळं. मागे दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर आणि ट्रेलरवर त्यांची छोटी कार, कारण कॅम्पग्राउंडला पोचल्यावर दूध आणायला कोणी अख्खं घर घेऊन जात नाही. ट्रेलर ब्रेक कंट्रोलर, म्हणजे मोटरहोममधून ट्रेलरचे ब्रेक लावणारा डबा, त्यांनी स्वतःच बसवला, दोन शनिवार खर्च करून, आणि मग मला फोन.

"अरे, डावा इंडिकेटर लावला की मागून कोणीतरी टुक टुक टुक ओढल्यासारखं होतंय. उजवा लावला की काही नाही."

"आणि ब्रेक दाबल्यावर?"

"तेव्हा म्हणावा तसा लागतच नाही रे."

नको तेव्हा लागतोय आणि हवा तेव्हा लागत नाही. मला हे फार आवडलं, काकांना अर्थातच नाही. तर हा ब्रेक चालतो कसा ते आधी बघू, म्हणजे चूक कुठे होती ते आपोआप कळेल.

ट्रेलर आणि कार मिळून वजन २१०० किलोच्या आसपास. ताशी १०० किलोमीटरने जाताना एवढ्या वजनात साधारण ८ लाख जूल ऊर्जा असते, म्हणजे अडीच लिटर पाणी नळाच्या गारपणापासून उकळीपर्यंत आणायला लागते तेवढी. ऐकायला फार वाटत नाही पण ती काही सेकंदांत कुठेतरी मुरवायची आहे, आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती सगळी मोटरहोमच्या ब्रेकवर येते, वर ट्रेलर मागून ढकलत राहतो, वळणावर असाल तर मागचं टोक बाजूला सारतो. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या, म्हणजे १३६० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच असा नियम आहे.

आता ट्रेलरच्या चाकात ड्रम ब्रेक असतो, आपल्या जुन्या स्कूटरसारखाच, आत दोन लायनर आणि ते ड्रमला घासतात. स्कूटरला लायनर पसरवायला केबल असते, इथे विजेचा लोहचुंबक. पण लोहचुंबक लायनर ढकलत नाही हं, मला पण बरेच दिवस तसंच वाटायचं. चाकाबरोबर ड्रम फिरतो, ड्रमच्या आत एक सपाट लोखंडी चेहरा असतो, करंट दिला की लोहचुंबक त्या चेहऱ्याला चिकटतो आणि चिकटला की फिरणारा ड्रम त्याला स्वतःबरोबर फरफटत न्यायला लागतो. तो थोडासाच सरकू शकतो, कारण तो एका दांड्याच्या टोकाला बसवलेला आहे. दांडा फिरतो, त्याचं दुसरं टोक लायनर पसरवतं, ब्रेक लागतो. म्हणजे चाकाच्याच खांद्यावर बंदूक ठेवून चाकाला थांबवायचं! लोहचुंबकाने फक्त चिकटायचं, जोर चाकाचा. म्हणूनच एका चाकाला जेमतेम ३ अँपिअर पुरतात, चार चाकांना १२, म्हणजे १४४ वॉट, हेडलाईटच्या तीन बल्बांपेक्षाही कमी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावात आर्थर वॉर्नर नावाच्या गृहस्थांनी १९२७ साली असे इलेक्ट्रिक ब्रेक करायला कंपनी काढली, त्याआधी ते गाड्यांचे स्पीडोमीटर बनवायचे. तत्त्व अजून तेच आहे.

हा करंट किती द्यायचा ते ठरवतो कंट्रोलर, डॅशबोर्डखाली बसवायचा एक छोटा डबा. जुन्या स्वस्त प्रकारात ब्रेक दाबला की करंट ठरलेल्या वेळात हळूहळू चढायचा, तुम्ही पेडल हळू दाबा नाहीतर जिवाच्या आकांताने दाबा, त्याला काही फरक नाही. नवीन प्रकारात गाडी खरंच किती जोरात मंदावते आहे ते मोजून तेवढाच ब्रेक मागे देतात. मोजायचं कसं? एसटीत ड्रायव्हरने ब्रेक मारला की वरच्या दांड्याला अडकवलेली पिशवी पुढे झुकते ना, तेच. आधी खरोखरचा छोटा लोलक असायचा, आता चिप असते, फोन आडवा केल्यावर स्क्रीन फिरवणारी असते तसली. लोलकवाला डबा म्हणूनच तिरका बसवून चालत नाही, तिरका बसला की उभ्या गाडीतही त्याला वाटतं आपण ब्रेक मारतोय.

करंट कमीजास्त करायची युक्ती पण मजेशीर आहे. साध्या मायक्रोवेव्हला अर्धी पॉवर सांगितली की तो अर्धी पॉवर देत नाही, थोडा वेळ पूर्ण चालू थोडा वेळ पूर्ण बंद करतो. कंट्रोलर तेच करतो फक्त सेकंदाला शेकडो वेळा, आणि लोहचुंबकाच्या कॉइलचा स्वभावच असा की करंटला ती पटकन चढू देत नाही आणि पटकन उतरू पण देत नाही, त्यामुळे तिला ते सगळं गुळगुळीतच लागतं.

डब्यातून वायरी बाहेर येतात फक्त चार. काळी बॅटरीच्या प्लसला, पांढरी मायनसला, निळी मागे ट्रेलरच्या लोहचुंबकांकडे, आणि लाल ब्रेक लाईटच्या स्विचकडे. काळी आणि पांढरी उलटी लागली तर डबा बहुतेक कायमचा झोपतो, तेवढं सोडलं तर काळ्या वायरीत फार काही नाही. एकच गोष्ट, तिच्यावर फ्यूज टाकत नाहीत, आपोआप परत जोडला जाणारा ब्रेकर टाकतात, चार चाकांना २० अँपिअर, सहा चाकांना ३०. कारण फ्यूज घाटात उडाला तर उडाला, ब्रेकर थंड झाला की परत लागतो.

खरी गंमत लाल वायरीत. ब्रेक पेडलवर एक स्विच असतो, त्याच्या एका बाजूला कायम १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला पेडल दाबलं तरच. लाल वायर त्या दुसऱ्या बाजूला जोडायची, तिच्यात व्होल्टेज आलं की कंट्रोलरला कळतं, ड्रायव्हरने पाय ठेवला. आता इथे अमेरिकन गाड्यांची एक खोड समजून घ्यायला हवी. आपल्याकडे मागचा इंडिकेटर पिवळा, वेगळा बल्ब. तिकडे ब्रेकचा आणि इंडिकेटरचा दिवा एकच, लाल, चालतो, आणि बऱ्याच गाड्यांत तसाच असतो. मग पेडलकडून येणारी वायर आधी स्टिअरिंगच्या कॉलममध्ये इंडिकेटरच्या स्विचमध्ये शिरते आणि तिथून दोन वायरी होऊन बाहेर पडते, एक डाव्या दिव्याची, एक उजव्या. पेडल दाबलं की दोन्हींत व्होल्टेज, इंडिकेटर लावला की त्या बाजूच्या वायरीत उघडझाप.

मी गेलो तेव्हा काका डॅशखाली उताणे पडलेले, छातीवर टॉर्च.

"काका, लाल कुठून घेतलीत?"

"ही बघ ना, कॉलमच्या खालची हिरवी. टेस्ट लॅम्प लावला, पेडल दाबलं, दिवा लागला. सोडलं, विझला. अजून काय पाहिजे?"

अजून एक पाहिजे होतं. मी पेडल सोडायला लावलं आणि डावा इंडिकेटर लावला. टेस्ट लॅम्प टिक टिक टिक. काकांनी आधी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यांना बोलायला सुचेना. वायर स्विचच्या पलीकडची होती, डाव्या दिव्याची. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतो, तेवढ्या वेळा कंट्रोलरला वाटत होतं ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला. गाडी मंदावत नसल्यामुळे तो दर वेळी फक्त सुरुवातीचा थोडासा करंट देत होता म्हणून नुसतं टुक टुक, पण डावीकडे वळताना खरोखर ब्रेक मारला असता तर अर्धा वेळ ट्रेलरला ब्रेकच नाही. चारही इंडिकेटर एकदम (हॅझर्ड) लावून चालवली असती तरी तेच, आणि मग उजवीकडे वळताना पण.

हा सिग्नल एकाच दिशेने जातो असंही नाही. कंट्रोलरवर हाताने दाबायची एक पट्टी असते, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायला, ट्रेलर मागे डोलायला लागला तर हीच हलकेच दाबायची. ती दाबल्यावर मागच्या लोकांना ब्रेक लाईट दिसायला हवेत म्हणून बऱ्याच कंट्रोलरमध्ये डबा स्वतःच लाल वायरीत उलटा करंट सोडतो. लाल चुकीच्या जागी असेल तर पट्टी दाबल्यावर मागचे दोन्ही ब्रेक लाईट नीट लागतीलच असं नाही.

मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये, ज्यांचं इंजिन मागे असतं आणि ब्रेक हवेचे, तिथे लाल वायरीची अजून एक भानगड. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी मंदावायची सोय) लावला की काही गाड्यांत पेडलला पाय न लावता ब्रेक लाईट लागतात, मागच्याला कळावं म्हणून. कंट्रोलरला हे कसं कळणार की पाय पेडलवर नाहीये? फ्लॅगस्टाफवरून कँप व्हर्डेला आय-१७ हायवेने उतरताना रस्ता हजारेक मीटर खाली येतो, तेवढा सगळा वेळ ट्रेलरचे लायनर हलके हलके घासत राहणार, ड्रम तापणार आणि खाली पोचल्यावर नेमका ब्रेक लागायचा तेव्हा पकड ढिली. तिथे लाल वायर एक्झॉस्ट ब्रेकच्या रिलेच्या आधी घ्यावी लागते आणि त्यासाठी चासीचा वायरिंग डायग्राम समोर हवाच, अंदाजपंचे दाहोदरसे करायचं हे काम नाही.

बरं, लाल वायर पेडलच्या स्विचला नेली, ते कोडं सुटलं. राहिला काकांचा दुसरा प्रश्न, ब्रेक कमी का लागतो. मी निळ्या वायरीच्या मागे लागलो तर ती डॅशखालीच एका पातळ वायरीला जोडलेली, आधीच्या मालकाने कधीतरी दिव्यांसाठी मागेपर्यंत नेलेली, १६ गेज. गेजचा आकडा वाढला की वायर पातळ होते, उलटं आहे ते. आपल्याकडे घरात पंख्या-दिव्याला १.५ स्क्वेअर एमएम टाकतो, ही त्यापेक्षा थोडी पातळच. पिकअप ट्रकमध्ये कदाचित खपलं असतं, पण इथे डॅशपासून मागच्या सॉकेटपर्यंत चासीच्या आतून वळसे घेत १३ मीटर होतात. आणि परतीची अर्थची वायर पण तसलीच, म्हणजे २६.

हिशोब सोपा आहे. एक लोहचुंबक ४ ओहमचा, चार समांतर जोडले की १ ओहम. १६ गेजचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १३ ओहम, २६ मीटरला ०.३४. बॅटरी १२.६ व्होल्ट. वायर आदर्श असती तर १२.६ अँपिअर गेले असते, आता १२.६ भागिले १.३४, म्हणजे ९.४. पाव करंट कमी झाला, कारण पाव व्होल्टेज रस्त्यातच गेलं, वायर कोमट करण्यात. १० गेज टाकली, जी आपल्या एसीच्या ४ स्क्वेअर एमएमपेक्षाही जाड असते, तर तेच ११.६ येतं. ओहमने हा नियम १८२७ ला छापला, वॉर्नरची कंपनी बरोब्बर शंभर वर्षांनी, आणि अजून जवळपास शंभर वर्षांनी आम्ही काकांच्या ड्राइव्हवेत आडवे पडून तेच गणित करतोय.

डब्याच्या स्क्रीनवर मात्र पूर्ण आकडा दिसत होता हे लक्षात घ्या. तो त्याने काय पाठवलं ते दाखवतो, पोचलं किती ते नाही.

नवीन निळी आणि नवीन अर्थ टाकायला अख्खा रविवार गेला. अर्थची वायर बॉलहिचच्या, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्याच्या, भरवशावर सोडू नका, तिथे ग्रीस असतं, गंज असतो, दर धक्क्याला संपर्क तुटतो. अर्थ सुटली की ओळखायची खूण म्हणजे इंडिकेटर लावला की ट्रेलरचे सगळेच दिवे मंद मंद उजळतात, करंट बिचारा दुसऱ्या बल्बांतून वाट काढत घरी जायला बघतो.

ट्रेलरच्या वायरी जोडायच्या सात पिनच्या सॉकेटमध्ये एक पिन कायम १२ व्होल्टची असते, ती ट्रेलरवरची छोटी बॅटरी चार्ज ठेवते. ट्रेलर सुटलाच तर एक केबल ओढली जाऊन खटका निघतो आणि ती बॅटरी चारही लोहचुंबकांना सरळ जोडली जाते. कमर्शियल ट्रेलरला फेडरल नियम असा की असे लागलेले ब्रेक किमान १५ मिनिटं टिकले पाहिजेत. खटका ओढून तपासताना सात पिनचा प्लग काढून ठेवायचा, दोन कारणं: एक तर निळ्या वायरीतून उलटा करंट डब्यात शिरून काही कंट्रोलर बिघडतात, आणि दुसरं म्हणजे प्लग लावलेला असेल तर ब्रेक गाडीच्या बॅटरीवर लागले का ट्रेलरच्या ते कळतच नाही. काकांची ट्रेलरची बॅटरी अर्थातच मेलेली निघाली.

शेवटी गेन लावायचा, म्हणजे जास्तीत जास्त किती जोर जाऊ द्यायचा त्याचा आकडा. मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी ३५-४० किलोमीटरने जायचं, हाताची पट्टी पूर्ण दाबायची, ट्रेलरची चाकं जाम व्हायला लागेपर्यंत आकडा वाढवायचा आणि मग थोडा खाली आणायचा. आमचा साडेसहावर बसला. डावा इंडिकेटर लावून पार्किंगमध्ये तीन चकरा मारल्या, काका स्क्रीनकडे आणि मी आरशात बघत होतो, काही हललं नाही.

पंधरा दिवसांनी परत फोन. "अरे, पहिल्याच सिग्नलला मागून टायर किंचाळले, धूर आला. आकडा तर तोच आहे, साडेसहा."

"काका, ट्रेलरवर कार आहे का?"

"नाही, ती मुलाकडे सोडली, परत येताना नेऊ."

"मग साडेतीनवर आणा."