डेस्कटॉप जुळणी : सुट्या भागांची निवड

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएसडी, वीजपुरवठा संच आणि कॅबिनेट हे भाग वेगवेगळे निवडून, ते एकमेकांना मानवतील याची खात्री करून आपल्या कामाच्या मापाचा संगणक उभा करणे म्हणजे जुळणी. मुंबईत हा शब्द बोलण्यात क्वचितच येतो. इथे लोक ‘पीसी असेंबल केला’ म्हणतात, वीजपुरवठा संचाला ‘एसएमपीएस’ म्हणतात आणि दुकानदाराने लिहून दिलेल्या भागांच्या यादीला ‘कोटेशन’. पुढे हेच शब्द वापरले आहेत.

शहरातला या व्यवहाराचा जुना पत्ता म्हणजे ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला असलेला लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून पडलेले हे नाव. पालिकेच्या पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला जुनेच नाव सांगावे लागते. आज बरीच खरेदी ऑनलाइन होत असली तरी चार दुकानांतून चार कोटेशने घेऊन ती शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यासारखा अभ्यास नाही. त्यातून लगेच दिसते की प्रोसेसर आणि कार्डाचे नाव चारही कागदांवर मॉडेल क्रमांकासह ठळक असते, आणि एसएमपीएसच्या जागी नुसते ‘७५० वॉट’ लिहिलेले असते. पैसा वाया जातो तो बहुधा या मोघम ओळींत.

काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ त्याआधी ‘काम काय?’ हे ठरलेले असावे. अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात चित्रपट, मालिका आणि जाहिरातींचे संकलन करणारे स्टुडिओ आहेत, आणि तिथले बरेच जण घरीही तशाच ताकदीचे मशीन ठेवतात. संकलकाला कॅमेऱ्यातून आलेले चित्रण न अडखळता चालायला हवे असते, आणि ते प्रोसेसरच्या कोअरपेक्षा (आतल्या स्वतंत्र गणन-एककांपेक्षा) व्हिडिओ डिकोडरवर, म्हणजे दाबून साठवलेले चित्रण उलगडणाऱ्या भागावर, जास्त अवलंबून असते. एचईव्हीसी या पद्धतीने दाबलेले, रंगांचा जास्त तपशील असलेले १०-बिट ४:२:२ चित्रण पीसीवर बरीच वर्षे इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवरच सुरळीत चाले. एनव्हिडियाने ती सोय २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिकेत आणली. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. दोन पैसे वाचतात म्हणून संकलकाच्या गळ्यात ‘एफ’ मारला जातो, आणि जुने कार्ड असेल तर ती बचत रोज टाइमलाइनवर अडखळत राहते.

वास्तुविशारदाचे ऑटोकॅड किंवा रेव्हिट बराच वेळ एकाच कोअरवर चालते; त्याला सोळा कोअरपेक्षा एका कोअरचा वेग उपयोगी. ब्लेंडरमध्ये रेंडर करणाऱ्याने पैसा कार्डात घालावा. खेळणाऱ्याने आधी मॉनिटर पाहावा : १०८० पिक्सेलवर भरपूर फ्रेम हव्या असतील तर प्रोसेसर अडवतो, ४केवर कार्ड अडवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरला आठच कोअर आहेत, पण ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधल्याच अतिवेगवान मेमरीमुळे) खेळांत तो आपल्याच घरातल्या सोळा कोअरच्या थोरल्या भावाला मागे टाकतो. घरच्या घरी भाषा-मॉडेल (चॅटबॉटच्या मागची एआय प्रणाली) चालवू पाहणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. सात अब्ज पॅरामीटरचे मॉडेल १६ बिटांत ठेवायला नुसत्या वजनांसाठी, म्हणजे या पॅरामीटरच्या आकड्यांसाठी, १४ जीबी लागतात, ४ बिटांत साधारण साडेतीन. म्हणजे १२ जीबीचे वेगवान कार्ड आणि १६ जीबीचे थोडे मंद कार्ड यांत त्याने दुसरे उचलावे, कारण कार्डाच्या मेमरीत न मावणारे मॉडेल वेगाने चालण्याचा प्रश्नच येत नाही.

वीज

चांगला संगणक मुंबईत बिघडतो तो बहुतेक वेळा विजेमुळे किंवा हवेमुळे. प्रोसेसर कोणता घेतला यामुळे फार क्वचित. म्हणून या दोन बाबींना इथे जास्त जागा दिली आहे.

एनव्हिडियाच्या २०२२ च्या आरटीएक्स ४०९० कार्डाला ४५० वॉट लागत, जानेवारी २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ला ५७५. त्यात मोठा प्रोसेसर मिळवला की एकट्या दोन भागांचा आकडा सातशेच्या वर जातो. शिवाय कार्ड क्षणार्धासाठी आपल्या नेमलेल्या मापापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. हे धक्के सोसता यावेत म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आले. त्यात एसएमपीएसने अत्यल्प काळासाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार पेलणे अपेक्षित आहे. जुना ६५० वॉटचा संच नव्या कार्डाखाली खेळ ऐन रंगात आला असताना मशीन बंद पाडतो, तो याच धक्क्यांपायी. खोक्यावरचा ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे : अर्ध्या भाराला सुमारे ९० टक्के वीज कामाला लागते, उरलेली उष्णता होते. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्टसर्किट झाल्यास संच वेळेत बंद होईल का, हे तो शिक्का सांगत नाही. त्यासाठी नेमके मॉडेल आणि वॉरंटीची वर्षे पाहावीत. ज्या संचाला कंपनी दहा वर्षांची वॉरंटी देते तो डोळे झाकून नाही, पण निश्चिंत मनाने घ्यावा.

मोठ्या कार्डांची नवी सोळा पिनांची वायर पूर्ण न बसल्यास प्लग वितळतो. २०२२ मध्ये असे प्रकार जगभर घडले आणि नंतर पिनांची रचना बदलून १२व्ही-२x६ हा सुधारित जोड आला. तरीही प्लग शेवटपर्यंत दाबलेला असावा आणि वायर तोंडापाशीच वाकवू नये. अरुंद कॅबिनेटची काच दामटून बंद करताना वायर नेमकी तिथेच वाकते.

जुन्या चाळी आणि पागडीच्या इमारतींत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटच्या धातूला पायाची किंवा मनगटाची कातडी लागली की बारीक झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटपर्यंत आणि एक न्यूट्रलपासून कॅबिनेटपर्यंत. अर्थिंग असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह इतका थोडा असतो की माणसाला सहसा इजा होत नाही, पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय वायर जोडली की पोर्ट जळू शकतो. दोन पिनांचा अडॅप्टर लावून हा प्रश्न सुटत नाही, तो तयार होतो. नवे कार्ड घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगचे अर्थिंग मोजून घ्यावे. हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो.

मुंबईची वीज सहसा जात नाही असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खे शहर बंद पडले होते. यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, म्हणजे ताकदवान मशीनला तो रेंडर चालू असताना अपुरा. आधुनिक एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सारख्या लयीत ओढणारे सर्किट) असते, आणि स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीशी काही संचांचे जमत नाही. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, घेतलेला बरा. बिलाचा हिशेबही आधीच करावा. ५०० वॉट दराने रोज सहा तास म्हणजे महिन्याला ९० युनिट. बेस्ट असो, अदानी, टाटा की मुलुंड-भांडुपकडे महावितरण, घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. हे ९० युनिट घराला वरच्या टप्प्यात ढकलू शकतात.

हवा

कोणताही कूलर, पंख्याचा असो वा लिक्विड, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त फरक कमी ठेवतो. समजा एखादा कूलर पूर्ण भारावर प्रोसेसरला खोलीपेक्षा ५० अंश वर ठेवतो. एसीतल्या २२ अंशांच्या खोलीत तो आकडा ७२ दिसेल, मे महिन्यात गिरगावातल्या ३४ अंशांच्या खोलीत ८४. परदेशी परीक्षणांतले आकडे बहुतेक पहिल्या प्रकारच्या खोलीतले असतात, म्हणून ते इथे वाचताना डोक्यात दहा-बारा अंश मिळवावेत. शिवाय मशीन खाते ती सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता म्हणून उतरते. ५०० वॉट म्हणजे एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा सुमारे सातवा हिस्सा.

या शहरासाठी पुढून जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, चारी बाजूंनी काचेचे नव्हे. पुढून दोन-तीन पंखे हवा आत घेतात, मागून एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही. जाळीमागचा फिल्टर काढून धुता यायला हवा, कारण रस्त्याकडेच्या घरात तो पंधरवड्यात काळा पडतो. साध्या टॉवर कूलरमध्ये बिघडण्यासारखा पंखाच काय तो असतो, आणि तो कोणत्याही गल्लीत मिळतो. उंची मात्र मोजावी : मोठे टॉवर १६५ मिलिमीटरपर्यंत जातात, मोठी कार्डे ३४० मिलिमीटर लांब असतात.

पावसाळ्यातली ओल हे वेगळे प्रकरण. चार महिन्यांत मशीन आठवडेच्या आठवडे बंद राहिले की रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळकट थर बसतो, आणि गणपतीत घरी आलेल्या मुलाने बटण दाबले की पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. दुरुस्तीवाला रॅम काढतो, शाळेच्या खोडरबराने पट्टी हलकेच घासतो, फुंकर मारतो, परत बसवतो, आणि मशीन सुरू होते. हा उपाय खरोखर चालतो. मात्र सोन्याचा मुलामा मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. वारंवार रबर मारण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले कापड वापरावे. त्याहून सोपे म्हणजे पावसाळ्यात मशीन दर दोन दिवसांनी तासभर चालू ठेवणे.

उरलेले भाग

डीडीआर५ रॅम नेहमी दोनच्या जोडीत घ्यावी. चार पट्ट्या बसवल्या की कंट्रोलरवर ताण येऊन वेग उतरतो, म्हणून ‘आत्ता १६-१६ घेतो, पुढे आणखी दोन टाकू’ हा बेत एएम५ बोर्डावर (एएमडीच्या नव्या प्रोसेसरच्या बोर्डावर) सहसा फसतो. या बोर्डांवर ६००० वेग आणि सीएल३० (रॅमच्या प्रतिसादातला उशीर दाखवणारा आकडा) ही जोडी किमतीच्या मानाने सर्वांत चांगली. २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव जगभर चढले, तेव्हा कोटेशनमधली ही ओळ आता आठवडाभरही जुनी चालत नाही.

एसएसडी जेन ४ ची, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीची, पुरते. सेकंदाला सुमारे ७,००० एमबी हा वेग मोठ्या फाइली हलवणाऱ्यांनाच जाणवतो. मदरबोर्डचे मॅन्युअल घेण्याआधी वाचावे, कारण काही बोर्डांवर दुसरी एम.२ (थेट बोर्डावर बसणारी) एसएसडी बसवली की ग्राफिक कार्डाच्या मार्गिका, म्हणजे डेटा वाहणाऱ्या वाटा, निम्म्या होतात. सॉकेटचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचे, आयुष्यही पाहावे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ पासूनचे अनेक बोर्ड २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालवू शकले. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता आली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती आली, पण आधी झालेली झीज तिने भरून येत नाही. वापरलेला असा प्रोसेसर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

बिल पक्केच घ्यावे, जीएसटीसह आणि प्रत्येक भागाच्या सीरियल क्रमांकासह. वॉरंटी भारतातला अधिकृत वितरक देतो, आणि ग्रे मार्केटच्या, म्हणजे अनधिकृत मार्गाने आलेल्या, मालाला तो हात लावत नाही. कच्च्या बिलावर वाचलेले १८ टक्के कार्ड बंद पडल्याच्या दिवशी आठवतात. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला तर हा कर इनपुट क्रेडिटमधून, म्हणजे त्याने भरायच्या करातून वजा होऊन, परत मिळतो.

घरी नेणे आणि पहिली सुरुवात

दुकानात जुळवून घेतलेले मशीन लोकलने नेऊ नये. टॅक्सीतही ग्राफिक कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळे न्यावे. दीड-दोन किलोचे कार्ड एका स्लॉटला लोंबकळत असते आणि रस्त्यातला एक खड्डा स्लॉट मोडायला पुरेसा होतो. कॅबिनेट आडवे ठेवावे, मदरबोर्डची बाजू खाली.

एएम५ आणि डीडीआर५ असलेले मशीन पहिल्यांदा चालू केले की पंखे फिरतात, बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटून राहतो आणि स्क्रीनवर काही मिनिटे काहीच येत नाही. बोर्ड रॅमच्या प्रत्येक मार्गिकेचे वेळापत्रक जुळवत असतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. घाबरून बटण बंद केले की तो सारा खटाटोप पहिल्यापासून सुरू होतो. तेवढा वेळ हात लांब ठेवावेत. बायोसचा (बोर्डाच्या मूळ सेटिंगचा) पडदा आला की आधी एक्स्पो हा रॅमला तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणारा पर्याय चालू करावा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते, आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे तशीच चाललेली असते.