भविष्य निर्वाह निधीतील वर्गणीच्या मर्यादा

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे भरता येतात याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. अमेरिकेतल्या ४०१(के) या निवृत्ती बचत योजनेत कर्मचाऱ्याच्या कपातीला दरवर्षी ठरलेली कमाल रक्कम असते (२०२५ साठी पन्नाशीच्या आतल्यांना २३,५०० डॉलर) आणि जादा भरलेले पैसे परत घ्यावे लागतात. भारतात मर्यादा आहेत त्या सक्तीला आणि करमाफीला.

सक्ती पगारावरून ठरते. मूळ पगार व महागाई भत्ता यांच्यावर सर्वसाधारणपणे १२ टक्के कर्मचाऱ्याचे आणि तितकेच मालकाचे, पण हे बंधन एका वेतनमर्यादेपुरतेच. १९५२ मध्ये ती महिना ३०० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणून अनेक कंपन्या पगार कितीही असला तरी १५,००० वरच पीएफ कापतात. तिथे कर्मचाऱ्याची कपात महिना १,८००, म्हणजे वर्षाला २१,६०० रुपयांवर थांबते. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही याच मर्यादेवर, म्हणजे महिना सुमारे १,२५० रुपये. चांगला पगार असलेल्यांच्या हाती निवृत्तीनंतर तुटपुंजे पेन्शन पडते, ते यामुळे. वाढीव पेन्शनचा वाद याच आकड्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याचा निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये लागला.

ज्याला जास्त साठवायचे आहे त्याला स्वेच्छेने, म्हणजे व्हीपीएफने, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १०० टक्क्यांपर्यंत कपात करून घेता येते. बड्या पगारदारांनी ही वाट पुरेपूर वापरली. व्याज चांगले आणि करमुक्त. २०२१ च्या अर्थसंकल्पाने त्याला आवर घातला. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वर्षाच्या वर्गणीपैकी अडीच लाखांवरच्या रकमेचे व्याज करपात्र झाले. हा कर एकदा लागून संपत नाही: जादा रकमेचा हिशेब वेगळ्या खात्यात राहतो आणि तिच्यावरच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो. आधीची शिल्लक मात्र सुरक्षित. मूळ पगार महिना १ लाख असेल, तर १२ टक्क्यांचे १ लाख ४४ हजार होतात आणि व्हीपीएफला १ लाख ६ हजारांची जागा उरते. मालक वर्गणी भरत नाही अशा निधीसाठी, मुख्यतः सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीसाठी (जीपीएफ), मर्यादा ५ लाख आहे.

मालकाच्या बाजूला २०२०-२१ पासून वेगळी मर्यादा लागली. पीएफ, राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस) आणि कंपनीचा सुपरअॅन्युएशन म्हणजे निवृत्ती निधी मिळून मालकाने वर्षात साडेसात लाखांहून अधिक भरले, तर वरची रक्कम कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही मालकांच्या रकमा एकत्र मोजतात.

या आकड्यांत दीड लाखाचीही सरमिसळ होते. तो जुन्या करप्रणालीतल्या वजावटीचा आकडा आहे आणि पीपीएफची, म्हणजे नोकरीशी संबंध नसलेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची, वार्षिक कमाल मर्यादाही तेवढीच. पीएफमध्ये दीड लाखावर भरता येते. फक्त वजावट तिथे थांबते.