पिल्लांच्या टाकीचा फिल्टर : निवड आणि निगा

नागपूर व परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शोभेच्या माशांची घरी पैदास करणारे ग्राहक आमच्या दुकानात फिल्टर घ्यायला येतात, तेव्हा पाणी काचेसारखे नितळ ठेवणारा फिल्टर कोणता, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. दिवाणखान्यातील टाकीसाठी तो प्रश्न योग्यच आहे. पैदाशीच्या टाकीत मात्र नितळ दिसणारे पाणी पिल्लांसाठी विषारी असू शकते आणि किंचित पिवळसर झालेले जुने पाणी सुरक्षित असू शकते, त्यामुळे तेथे फिल्टरची पारख वेगळ्या निकषांवर करावी लागते. एंजल माशाची पिल्ले पोहू लागतात तेव्हा ती टाचणीच्या डोक्याएवढी दिसतात. मोठ्या माशाला जो प्रवाह जाणवतही नाही, त्यात ती ओढली जातात. दुकानातील सर्वांत महाग फिल्टर आम्ही पैदाशीसाठी सहसा सुचवत नाही, त्याचे कारण हेच आहे.

फिल्टरचे खरे काम

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात, आणि उरलेले खाणे व फलित न झालेली अंडी कुजल्यानेही त्यात भर पडते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे तुलनेने कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे मोकळे नसतात. ते स्पंज, रेती, काच अशा पृष्ठभागांना चिकटून वाढतात. फिल्टर विकत घेताना आपण प्रत्यक्षात या जिवाणूंसाठी जागा विकत घेत असतो, आणि त्या जागेत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आज फिल्टर बसवून उद्या त्या टाकीत पैदाशीची नर-मादी जोडी सोडली, तर त्या दिवशी फिल्टर फक्त पाणी ढवळत असतो.

अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या पीएचवर (आम्लता-अल्कता दाखवणाऱ्या मापावर) आणि तापमानावर अवलंबून असते. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का भाग विषारी स्वरूपात असतो. पीएच 8 झाल्यास तोच भाग 5 टक्क्यांच्या पुढे जातो, आणि पाणी तापले की तो आणखी वाढतो. त्याच वेळी तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, तर 32 अंशांना सुमारे 7.3 मिलिग्रॅम. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आपल्या शहरात, कूलर नसलेल्या खोलीतील टाकीला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सोसाव्या लागतात. थंड हवेच्या गावी राहणाऱ्या पैदासकाराचा सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळेच.

कोणता फिल्टर घ्यावा

गप्पी, मॉली, एंजल, फायटर, गोरामी, टेट्रा यांपैकी काहीही असो, पैदाशीच्या आणि पिल्लांच्या टाकीसाठी आमची पहिली शिफारस एअर पंपावर चालणाऱ्या स्पंज फिल्टरची असते. नळीतून वर चढणारे हवेचे बुडबुडे पाणी वर ओढतात आणि त्याच्या जागी नवे पाणी स्पंजच्या सर्व बाजूंनी हळूहळू आत शिरते. ओढ सगळ्या पृष्ठभागावर विभागली गेल्यामुळे कोठेही पिल्लू चिकटून राहण्याइतका जोर तयार होत नाही. याशिवाय स्पंजवर सूक्ष्मजीवांचा जो बुळबुळीत थर साचतो तो पिल्लांचे खाद्यही असतो. टाकीजवळ डोळे नेऊन पाच मिनिटे पाहिल्यास, दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत पिल्ले स्पंजच्या कडेकडेने टोचा मारत फिरताना दिसतील. ही सोय दुसऱ्या कोणत्याही फिल्टरमध्ये नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत वरची थोडी जागा सोडून पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावते. तिला दोन स्पंजांचा एक फिल्टर पुरतो. तीन फुटी टाकीत मात्र एका मोठ्या फिल्टरपेक्षा दोन लहान फिल्टर दोन टोकांना लावावेत, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो आणि धुण्याची पाळीही आलटून पालटून लावता येते. फार बारीक छिद्रांचा स्पंज लवकर तुंबतो आणि फार मोठ्या छिद्रांच्या स्पंजात नवजात पिल्ले शिरतात, म्हणून मध्यम छिद्रांचा स्पंज घ्यावा. गादीचा किंवा भांडी घासण्याचा स्पंज कापून वापरू नये, कारण त्यात जिवाणूरोधक किंवा रंगद्रव्य असण्याची शक्यता असते.

पॉवर फिल्टर, म्हणजे विजेच्या मोटरने पाणी ओढणारा फिल्टर, आधीच घरात असेल, तर त्याच्या तोंडावर स्पंजची टोपी घट्ट बसवून तो जोडी तयार करण्याच्या टाकीत चालवता येईल. अंडी घातल्यावर तो बंद करावा. रेतीखालचा फिल्टर पैदाशीच्या टाकीत आम्ही सुचवत नाही, कारण उरलेला आर्टेमिया (पिल्लांना खाऊ घातला जाणारा सूक्ष्म कोळंबीसारखा जीव) आणि बारीक खाणे रेतीत जाऊन बसते व तेथे गाळ ओढण्याची नळी पोहोचत नाही. पैदाशीची टाकी उघड्या तळाचीच बरी. कार्बनच्या पिशवीची तेथे गरज नसते, आणि औषध चालू असताना कार्बन ते औषधच शोषून घेतो.

गोल्डफिश आणि कोईची पिल्ले पुष्कळ खातात आणि तितकीच घाणही करतात. त्यांच्या टाकीत स्पंजसोबत सिरॅमिक रिंग भरलेला, टाकीच्या वर बसणारा टॉप फिल्टर लागतोच, परंतु पिल्ले बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत त्याच्याही पंपाला स्पंजची टोपी ठेवावी.

फायटरच्या बाबतीत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि गळून पडणारी अंडी तोंडाने उचलून परत त्यात ठेवतो. पाणी हलले की घरटे विस्कटते, म्हणून घरटे बांधण्यापासून पिल्ले आडवी पोहू लागेपर्यंत हवा बंद किंवा अगदी एकेक बुडबुडा सुटेल इतकी कमी ठेवावी. नर काढून घेतल्यानंतर हवेच्या नळीवरील कॉकने (लहान तोटीने) ती हळूहळू वाढवावी. याच काळात झाकणाकडे लक्ष द्यावे. फायटरच्या पिल्लांचे हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय जन्मानंतर काही आठवड्यांनी विकसित होते, आणि त्या वेळी पाण्यावरची हवा उबदार व दमट असणे हिताचे असते. एप्रिल-मे महिन्यांतील आपली कोरडी हवा उघड्या टाकीवरून वाहत राहिली, तर ती अट पूर्ण होत नाही.

फिल्टर आधी पिकवावा

पिल्ले होण्याआधीच फिल्टर तयार हवा. सर्वांत सोपा मार्ग असा की, नवा स्पंज साध्या पाण्यात पिळून घेऊन घरातील चालत्या, निरोगी माशांच्या टाकीत किमान 4 आठवडे चालवावा आणि जोडी सोडण्याच्या दिवशी तो ओला असतानाच नव्या टाकीत हलवावा. असा एक जादा स्पंज मोठ्या टाकीत कायम चालू ठेवणारे ग्राहक आमच्याकडे फारशा तक्रारी घेऊन येत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

डिस्कस किंवा टेट्रासाठी जे ग्राहक आरओचे पाणी वापरतात, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जिवाणूंना काम करताना पाण्यातील क्षारता, म्हणजे पीएच टिकवून धरण्याची शक्ती, खर्ची पडते. मऊ पाण्यात ती लवकर संपून पीएच घसरतो आणि पीएच 6 च्या आसपास जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. तेव्हा साचलेला अमोनिया कमी घातक स्वरूपात असल्याने मासे ठीक दिसतात. अशा टाकीत बोअरवेलचे जड पाणी एकदम ओतल्यास पीएच झटकन वर जातो, त्याबरोबर तोच अमोनिया विषारी होतो, आणि पाणी बदलल्यामुळे मासे मेले असे वाटते. त्या टाकीत पाणी रोज थोडे थोडे, शक्यतो त्याच प्रतीचे घालावे.

धुण्याची रीत

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत आमच्याच शेडमधील सर्व स्पंज एकाच दुपारी नळाच्या धारेखाली धुतले गेले. स्पंज नव्यासारखे दिसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गप्पीची पिल्ले पृष्ठभागाला तोंड लावून होती आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून अधिक गेली. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे जिवाणू मरतात, आणि आमच्याकडे एकही न धुतलेला स्पंज शिल्लक नव्हता. तेव्हापासून एका टाकीतील दोन स्पंज एकाच दिवशी धुवायचे नाहीत, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो.

स्पंज तुंबल्याची खूण डोळ्यांनी कळते: नळीतून एकसारखे वर येणारे बुडबुडे अडखळू लागतात किंवा स्पंजच्या खालच्या कडेतून बाहेर निसटतात. तेव्हा पाणी बदलताना काढलेले टाकीचेच पाणी मगात घ्यावे, हवा बंद करावी, स्पंज पाण्याखालीच प्लास्टिकच्या पिशवीत सरकवून बाहेर काढावा, म्हणजे गाळ टाकीत पसरत नाही. मग तो मगात तीन-चार वेळा दाबून सोडावा. पाणी चहासारखे तपकिरी होईल. ते पूर्ण स्वच्छ येईपर्यंत पिळत बसू नये. स्पंजचा तपकिरी रंग राहू द्यावा. साबण, ब्लीचिंग पावडर आणि गरम पाणी कधीही वापरू नये. भरपूर खाणे दिल्या जाणाऱ्या पिल्लांच्या टाकीत ही वेळ दर एक-दोन आठवड्यांनी येते, जोडीच्या टाकीत महिन्याने. दाबल्यावर पुन्हा न फुगणारा स्पंज बदलावा, मात्र नवा स्पंज जुन्यासोबत महिनाभर चालवून मगच जुना काढावा.

फिल्टर नायट्रेट काढत नाही, म्हणून पाणी बदलणे सुटत नाही. पिल्लांच्या टाकीतून एअरच्या बारीक नळीने तळाचा गाळ ओढून रोज दहावा हिस्सा पाणी बदलणे चांगले. नव्या पाण्यात अँटिक्लोरीन (क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण) घालून ते टाकीच्या तापमानाला आणूनच सोडावे. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास अधिक येत असल्यास हे विशेष पाळावे. मिथिलीन ब्लू किंवा अँटिबायोटिक द्यायचे झाल्यास ते वेगळ्या भांड्यात द्यावे, कारण त्यांनी स्पंजमधील जिवाणूही दगावतात.

हवा, वीज आणि धूर

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व (उलटा प्रवाह रोखणारी झडप) लावावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलट पंपात उतरते. लहान पंपाला जेमतेम 5 वॅट लागतात, तेव्हा उन्हाळी वादळांच्या दिवसांत तो इन्व्हर्टरवर ठेवणे सहज शक्य आहे. कॅनिस्टरसारखा (टाकीबाहेरील डब्यात असणारा) बंद फिल्टर काही तास बंद राहिल्यास आतील पाणी सडते. ते फेकून, आतील साहित्य टाकीच्या पाण्यात हलकेच धुऊनच तो सुरू करावा. थंडीत हीटर स्पंजच्या शेजारी ठेवावा, म्हणजे गरम पाणी सगळीकडे फिरते.

पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. मच्छर मारण्याच्या कॉइल, लिक्विड आणि स्प्रेमध्ये जी कीटकनाशके असतात, ती माशांसाठी अत्यंत विषारी असतात. त्या खोलीत ती वापरू नयेत. गल्लीत डासांसाठी धुरळणी सुरू झाली, तर खिडक्या लावाव्यात, टाकी झाकावी आणि धूर विरेपर्यंत, फार तर अर्धा तास, पंप बंद ठेवावा.

दुकानात येताना

टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची लिहून आणावी. कोणती जात, किती पिल्ले आणि ती किती दिवसांची आहेत, हेही सांगावे. पिल्ले सुस्त असल्यास, सकाळी खाणे देण्यापूर्वी टाकीचे पेलाभर पाणी स्वच्छ, साबण न लागलेल्या बाटलीत काठोकाठ भरून त्याच दिवशी आणावे; अमोनिया, नायट्राइट आणि पीएच आपल्यासमोर तपासून दिले जातील. तपासणीत अमोनिया आढळल्यास आम्ही आमच्या चालत्या टाकीतील पिकलेला स्पंज ओल्या पिशवीत देतो. तो घरी पोहोचताच पाण्यात सोडून लगेच हवा सुरू करावी.