‘ह्येचो आवाज खंय गेलो?’ : लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेची पार्श्वभूमी

गणपतीला मुंबईहून गावी येणारे चाकरमानी आता पिशवीत जुना लॅपटॉपही घेऊन येतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा आधार संपला. विंडोज ११ ज्यांवर चढत नाही अशी यंत्रं घरोघरी पडून राहिली, आणि इकडे कुडाळ-सावंतवाडीकडे त्यांतल्या काहींवर आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट यंत्रणा घालून देतो. स्क्रीन उजळतो, वायफाय लागतं, मराठी टायपिंग चालतं. मग कुणीतरी भजनाची क्लिप लावतो आणि विचारतो, ‘‘ह्येचो आवाज खंय गेलो?’’ सेटिंग उघडावं तर स्पीकरच्या जागी दोनच शब्द असतात : ‘डमी आउटपुट’. आवाज पाठवायला खरं साधन सापडलं नाही, म्हणून यंत्रानं एक लटकं साधन उभं केलेलं असतं.

हे शब्द पूर्वीपेक्षा आता पुष्कळ कमी दिसतात, तरी अजून दिसतात. दोन्हींची कारणं तीस वर्षांत विखुरलेली आहेत.

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्सचा पहिला कर्नल, म्हणजे सगळं हार्डवेअर चालवणारा गाभा, लोकांसमोर ठेवला, तेव्हा त्यात आवाजाची सोय नव्हती. ती केली फिनलंडच्याच हन्नू सवोलाइनेन यांनी. साउंड ब्लास्टर कार्डासाठी त्यांनी लिहिलेल्या ड्रायव्हरमधून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममधून, पुढे ओएसएस, म्हणजे ओपन साउंड सिस्टिम, उभी राहिली. तिची रचना युनिक्सच्या वळणाची होती : साउंड कार्ड म्हणजे एक फाइल, तिच्यात आकडे ओतले की आवाज निघतो. साधी, सुंदर कल्पना. अडचण एवढीच, की बहुतेक कार्डांवर ती फाइल एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळे. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, रात्रभर जागून ऐकणाऱ्यांना हे लगेच उमगेल. एका बुवांची बारी चालू असली की समोरच्या बुवांनी थांबायचं. संगणकावर मात्र गाणं चालू असतानाच मेल आल्याची घंटाही वाजावी लागते, आणि तिथं दुसऱ्या प्रोग्रामला ‘डिव्हाइस बिझी’ एवढंच उत्तर मिळायचं. मग प्रत्येक डेस्कटॉपनं, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या-मेनू सांभाळणाऱ्या व्यवस्थेनं, सगळे आवाज मिसळणारा आपापला प्रोग्राम मधे बसवला. ग्नोमचा ईएसडी, केडीईचा आर्ट्स. ते दोघं पुन्हा त्याच एका फाइलसाठी एकमेकांशी भांडत.

चेक प्रोग्रामर यारोस्लाव किसेला यांच्याकडे ग्रेव्हिस अल्ट्रासाउंड जातीचं कार्ड होतं आणि त्याची ताकद तेव्हाचा ड्रायव्हर वापरत नव्हता. त्यांनी स्वतः लिहायला घेतलं आणि १९९८ पासून त्याला आल्सा (अ‍ॅडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर) हे नाव मिळालं. दरम्यान ओएसएसची सुधारित आवृत्ती विकत घ्यावी लागत होती आणि कर्नलमधली फुकट आवृत्ती मागं पडत होती. त्यामुळे २००२ मध्ये आल्सा विकासाच्या कर्नलमध्ये आली, डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलबरोबर सर्वांपर्यंत पोचली आणि ओएसएस बाजूला पडली. आवाज मिसळायला आल्सामध्ये ‘डीमिक्स’ होतं, पण सुरुवातीला ते हातानं मांडावं लागे. कुणाच्या तरी यंत्रावर चाललेली सेटिंगची फाइल उतरवून घ्यायची आणि नशीब आजमवायचं, असे ते दिवस होते.

लेनार्ट पॉटरिंग यांनी २००४ च्या सुमारास लिहायला घेतलेलं पल्सऑडिओ हा यावरचा पहिला नीट विचार, असं माझं मत आहे. सगळे प्रोग्राम आपला आवाज याच्याकडे देणार आणि कार्डाशी बोलणार फक्त हा. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येऊ लागला. गाणं चालू असताना ते स्पीकरवरून यूएसबी हेडफोनवर सरकवता येऊ लागलं. नोव्हेंबर २००७ मध्ये फेडोरा ८ या लिनक्सच्या तयार संचानं आणि एप्रिल २००८ मध्ये उबुंटू ८.०४ या दुसऱ्या संचानं ते स्वीकारलं, आणि तक्रारींचा पाऊस पडला. आवाज तुटायचा, चिरकायचा, मधेच बंद व्हायचा. थोडा दोष घाईघाईच्या जुळणीचा होता. पण मोठा दोष खाली होता. बॅटरी वाचावी म्हणून पल्सऑडिओ कार्डाला बराच वेळ पुरेल एवढा आवाज एकदम भरून द्यायचं आणि टायमरच्या हिशेबानं पुन्हा भरायला जायचं. त्यासाठी ‘आत्ता नेमकं कुठवर वाजलं’ हे ड्रायव्हरनं खरं सांगायला हवं, आणि कित्येक ड्रायव्हर ते चुकीचं सांगत होते. तोवर ते कुणी इतक्या काटेकोरपणे विचारलंच नव्हतं. शिव्या पल्सऑडिओला बसल्या, पण त्या निमित्तानं ड्रायव्हर दुरुस्त झाले. ते श्रेय या माणसाला अजून मनमोकळेपणानं दिलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांची वाट तोवर निराळीच होती. त्यांच्यासाठी पॉल डेव्हिस यांनी जॅक हे कमीत कमी उशिरानं आवाज पोचवणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. जॅक कशाला लागतं, ते आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करताना मला कळलं. पखवाजवाल्याच्या कानाला हेडफोन होता आणि थाप मारल्यावर त्याला ती किंचित उशिरा ऐकू येत होती. एका वेळी आवाजाचे १०२४ नमुने (क्षणाक्षणाची मापं) आणि सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे एका खेपेलाच २१ मिलिसेकंद जातात. हवेत आवाज तेवढ्यात सात मीटर जातो. पखवाज आपल्या मांडीवर, पण ऐकू मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखा! गजराला लय चढली की असा माणूस अडखळणारच. नमुने १२८ वर आणले की उशीर पावणेतीन मिलिसेकंदांवर येतो, दोन हात लांबून ऐकल्यासारखा. आवाज कार्डात जाताना आणि बाहेर येताना अशा खेपा दोनदा होतात, शिवाय यंत्राचा स्वतःचा वेळ वेगळा. जॅक हे साधायचं, पण कार्ड स्वतःकडे घेऊन बसायचं, आणि ब्राउझर मुका व्हायचा. म्हणजे पुन्हा डबलबारीच.

हे दोन संसार एकत्र आणले विम टेमन्स यांच्या पाइपवायरनं. मूळ काम व्हिडिओचं होतं, एकच कॅमेरा अनेक प्रोग्रामांना वाटून देण्याचं. मग लक्षात आलं की आवाजालाही हेच हवं आहे. पल्सऑडिओसाठी लिहिलेले प्रोग्राम आणि जॅकसाठी लिहिलेले प्रोग्राम, दोघांनाही पाइपवायर त्यांच्याच भाषेत उत्तर देतं. त्यामुळे जुना एकही प्रोग्राम नव्यानं लिहावा लागला नाही. एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये ते मूळ व्यवस्था म्हणून आलं, उबुंटूनं २२.१० मध्ये घेतलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. दशावतारात पायपेटी, मृदंग आणि झांज जशी एका बैठकीत बसतात, तसं आता एकाच यंत्रावर रेकॉर्डिंग, ब्राउझर आणि ब्लूटूथचा हेडफोन एकत्र चालतात.

मग ‘डमी आउटपुट’ अजून का दिसतं? कारण वरचं सगळं कार्ड सापडल्यानंतरचं आहे. लॅपटॉपमध्ये बहुधा रिअलटेकची चिप असते, पण तिच्या कुठल्या पायाला स्पीकर जोडला आणि कुठल्या पायाला हेडफोन, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असू शकतं. ही माहिती बायोसनं, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामनं, सांगायची असते, आणि ती अनेकदा चुकीची किंवा अर्धवट असते. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये कंपनी ती गुपचूप सुधारून देते. लिनक्समध्ये ती एकेका मॉडेलसाठी यादीत नोंदवावी लागते. रिअलटेकच्या चिपांसाठीची कर्नलमधली फाइल अशा नोंदींनी दहा हजार ओळींच्या पुढं गेली होती. प्रत्येक नोंदीमागं आवाज न आलेला कुणीतरी एक माणूस आहे.

नव्या लॅपटॉपांची आणखी एक गोष्ट. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत आतला माइक वेगळ्या ध्वनिप्रोसेसरला जोडलेला असतो आणि त्याला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, लागतं. साउंड ओपन फर्मवेअर हा त्यासाठीचा खुला प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर झाला. कोड खुला, पण बहुतेक यंत्रांवर इंटेलची सही असलेलीच प्रत चालते. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका संचाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीआधी नसायचं, आणि त्यामुळे कित्येकांना पहिलं दर्शन ‘डमी आउटपुट’चंच झालं.

गाणी ऐकण्यापुरता हा प्रश्न नाही. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी ऑर्का हा प्रोग्राम स्क्रीनवरचं वाचून दाखवतो आणि ईस्पीक एनजीच्या आवाजात मराठीही बोलतो. आवाज गेला की त्यांचा अख्खा संगणक गेला.

यंदा आलेल्या एका लॅपटॉपचा हेडफोन वाजतो, स्पीकर मुका आहे. चिप सापडली, पण स्पीकरला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर जागा होत नाही. ‘आल्सा-इन्फो’ चालवून त्याची सगळी माहिती काढली आणि मॉडेलच्या नावासकट कर्नलच्या लोकांकडे पाठवली आहे. तालमी सुरू झाल्या आहेत, आणि तोवर देवळातल्या जुन्या स्पीकरची पिन हेडफोनच्या भोकात घालून काम चाललं आहे. पावसाच्या दमटपणानं ती पिन हिरवी पडते, म्हणून दर दोन दिवसांनी पुसावी लागते.