काटेकोर शेती आणि शेतीचा डेटा (खानदेश)

काटेकोर शेती : शेताच्या प्रत्येक तुकड्याची, जमल्यास प्रत्येक झाडाची गरज मोजून तेवढेच पाणी, खत आणि औषध देण्याची पद्धत. ‘प्रिसिजन फार्मिंग’ हे नावही मराठीत रुळले आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात कापणी-मळणी यंत्रावर जीपीएस बसले, एकाच शेतात कुठे किती पिकले याचे नकाशे निघू लागले आणि ही कल्पना पसरली. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, ती नळीतून आली.

ही नळी ठिबकची. जळगावात भवरलाल जैन यांनी १९८६ मध्ये जैन इरिगेशनची उभारणी केली आणि पुढच्या काळात रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या केळीबागा पाटपाण्यावरून ठिबकवर आल्या. त्यामागे हौस कमी आणि नाइलाज जास्त होता, कारण तापीकाठी विहिरी आटत होत्या आणि बोअर खोल खोल जात होते. त्यात ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपे आली. कंदापासूनच्या बागेत झाडे मागेपुढे निसवतात, म्हणजे घड एका वेळी बाहेर पडत नाहीत. ऊतिसंवर्धित बागेतली सगळी झाडे एका वयाची असतात, त्यामुळे ‘आज अमुक दिवसाच्या बागेला अमुक ग्रॅम युरिया’ असा हिशेब मांडता येतो. व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या साधनातून) विद्राव्य खत सोडणारा, मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांची वेळापत्रके वेगळी ठेवणारा आणि पंप मोबाइलवरून चालूबंद करणारा इथला शेतकरी काटेकोर शेतीच करतो. फक्त तिला तो ‘ड्रिपवरची केळी’ म्हणतो.

पुढची पायरी मोजण्याची आहे. जमिनीतला ओलावा सांगणारे सेन्सर, बांधावरचे छोटे हवामान केंद्र, आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह ही साधने बागांमध्ये दिसू लागली आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिकाला किती पाणी द्यावे हे काढून देणारे ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ तयार केले आहे. ड्रोनचे नियम २०२१ मध्ये सुटसुटीत झाल्यानंतर फवारणीही भाड्याने मिळू लागली. या सगळ्यात उपग्रहाचे कौतुक जरा जास्तच होते, म्हणून त्याचा हिशेब मांडलेला बरा. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह साधारण पाच दिवसांनी चित्र देतो आणि त्याचा सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा असतो. पाच बाय पाच फुटांवरच्या केळीत एवढ्या जागेत त्रेचाळीसच्या आसपास खोडे बसतात. बाग एकूण हिरवी आहे की कुठे पट्टा पिवळा पडतोय, हे त्यातून कळते. हरण्या या विषाणूजन्य रोगाचे (कुकुंबर मोझॅक) पहिले झाड मात्र त्यात दिसत नाही, आणि उपटून टाकायचे असते ते नेमके तेच. शिवाय पावसाळ्यात, कपाशीला गरज असते तेव्हा, वर ढग असतात. त्यांतून पाहणारे रडार उपग्रह आहेत, पण त्यांची चित्रे वाचायला जाणकार लागतो. गुलाबी बोंडअळीसाठी सापळ्यातले पतंग मोजणे अजून सुटलेले नाही. नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हा आकडा कपाशीवाल्यांना पाठ आहे.

मोजमापाची खरी किंमत खानदेशाला कळली ती विम्यातून. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडी-उन्हाच्या नुकसानीची केळीची भरपाई बाग पाहून ठरत नाही. थंडीत पारा सलग काही दिवस ठरलेल्या अंशाखाली गेला किंवा उन्हाळ्यात वर चढला, तरच रक्कम देय होते. तो पारा मोजते ‘महावेध’ प्रकल्पातील महसूल मंडळाचे स्वयंचलित केंद्र. मंडळात अनेक गावे असतात. सातपुड्याच्या पायथ्याची थंडी आणि तापीच्या पात्राजवळची थंडी सारखी नसते, तरी दोन्हीकडच्या बागांचे नशीब एकाच खांबावर टांगलेले. ‘आमच्या शिवारात पान करपलं आणि मशीन म्हणतं थंडीच नव्हती’, ही इथली ठरलेली कैफियत आहे. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ या हवामान नोंदींच्या योजनेत पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरले आहे. पावसाचा वाद त्याने आटोक्यात येईल, थंडीचा येईलच असे नाही.

मातीतली अन्नद्रव्ये सांगणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेतही असेच झाले. २०१५ च्या योजनेत बागायतीत दर अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दर दहा हेक्टरला मातीचा एक नमुना घ्यायचा होता. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे राज्यातली सरासरी जमीनधारणा मात्र १.३४ हेक्टर. म्हणजे हातातली पत्रिका शेजाऱ्याच्या मातीचीही असू शकते.

शासनाचा डेटा आता एकत्र बांधला जातो आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी अभियान मंजूर केले. त्यातल्या ‘अ‍ॅग्रिस्टॅक’मध्ये शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळतो, त्याला जमिनीची नोंद आणि पीक जोडले जाते. राज्याचे ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण २०२५ मध्ये आले. कर्ज, विमा आणि अनुदान यांचे खेटे यामुळे कमी व्हावेत. मात्र ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, तो या रचनेत नीट बसत नाही. खानदेशात निम्मेबटाईने कसणारे पुष्कळ आहेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बोली होऊन वर्षभर शेत सांभाळणाऱ्या सालदाराला तर कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते आणि कोणत्या ओळीला खत कमी पडते हे तोंडपाठ असते. पुढच्या आखाजीला तो दुसऱ्या मळ्यात गेला की ही सगळी माहितीही त्याच्याबरोबर जाते. कोणतेही अ‍ॅप तिची नोंद घेत नाही.

खासगी कंपनीच्या सेन्सरमधील नोंदी कोणाच्या, हा प्रश्न त्याहून उघडा आहे. वैयक्तिक माहितीसाठी भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण बागेच्या ओलाव्याचा आलेख वैयक्तिक म्हणायचा का? युरोपीय संघाच्या डेटा कायद्यात यंत्र वापरणाऱ्याला त्या यंत्राने गोळा केलेला डेटा मागण्याचा हक्क आहे; तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. इथे वर्गणी थांबली की मागच्या तीन हंगामांच्या नोंदी हाती राहतील का, हे विक्रेत्याला विचारणारे शेतकरी अजून थोडे आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हा करार एकत्र बसून केला पाहिजे. एकट्याच्या दोन एकरांच्या आकड्यांना बाजारात वजन नसते, पन्नास बागांच्या आकड्यांना असते.

सामायिक नोंदीची रीत या भागाला नवी नाही. पांझरा आणि मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत वाटून एका फडात एकच पीक घेत. पाणी पाटकरी सोडी, राखण जागल्या करी आणि कोणाची पाळी केव्हा हे सगळ्या गावाला ठाऊक असे. ही पद्धत काही शतके चालली. तिचा डेटा चावडीवर होता, सर्व्हरवर नव्हता, आणि पाळी चुकली तर कोणाकडे जायचे हे माहीत होते.

नंदुरबारच्या डोंगरात चित्र निराळे आहे. धडगाव, अक्कलकुवा भागात कोरडवाहू मका, ज्वारी, भगर, ठिबक क्वचित. कित्येकांची जमीन वनहक्काची, काहींचे दावे अजून निकाली निघालेले नाहीत. फोटो शेतात काढायचा आणि पाठवायला रेंज असलेल्या टेकडीवर चढायचे, हीच तिथली डिजिटल शेती.