मलावीचं तिकीट काढण्याआधी: लिव्हिंगस्टोनिया वेगळं, लिव्हिंगस्टोन वेगळं

आमच्या मलावी सहलीला येणारे बरेच जण विमानाचं तिकीट स्वतःच काढून मोकळे होतात, आणि ते निघतं लिव्हिंगस्टोनचं. ते शहर झांबियात, व्हिक्टोरिया धबधब्याजवळ. आपल्याला जायचंय लिव्हिंगस्टोनियाला, उत्तर मलावीतल्या डोंगरावर. तिकीट बदलण्यात पैसे जातातच, वर सहलीचे दोन दिवस वाया. कृपा करून मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला उतरा, पुढचं आम्ही बघतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "तिथलं चर्च लिव्हिंगस्टोननेच स्थापन केलं ना?" नाही. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टोन १८७३ मध्येच आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले. त्यांचा देह समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत आपल्या नाशिकच्या शरणपूरला शिकलेला आफ्रिकन तरुण जेकब वेनराइट होता. पुढे तो देहासोबत इंग्लंडलाही गेला. (आम्ही नाशिककर ही सहल का काढतो, त्याचं उत्तर इथे आहे.) १८७४ मध्ये तिथे झालेल्या अंत्यविधीनंतर स्कॉटलंडच्या फ्री चर्चने (हे चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटून निघालेलं वेगळं चर्च) त्यांच्या नावाने मिशन काढायचं ठरवलं. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सनही याच चर्चचे.

१८७५ मध्ये मिशनची माणसं मलावी सरोवराकाठी केप मॅक्लिअरला पोचली. मलेरियाने बळी घेतले, म्हणून १८८१ मध्ये मुक्काम बांडावेला हलवला, १८९४ मध्ये खोंडोवेच्या थंड पठारावर. आजचं लिव्हिंगस्टोनिया ते हेच. पहिल्या तुकडीतले डॉ. रॉबर्ट लॉज १९२७ मध्ये मायदेशी परतले. "थेट वरच न्या," असा आग्रह होतो, पण आम्ही सुरुवात केप मॅक्लिअरच्या कबरींपासूनच करतो. त्या पाहिल्या की ही माणसं डोंगर का चढली हे सांगावं लागत नाही.

ब्लँटायर शहरही लिव्हिंगस्टोनियाच्याच दिवशी करू, असं काहींना वाटतं, पण ते उरकता येत नाही. ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेत आहे. तिथलं मिशन १८७६ चं, चर्च ऑफ स्कॉटलंडचं. वास्तुकलेचं शिक्षण नसलेल्या क्लेमंट स्कॉट यांनी स्थानिक कामगारांना हाताशी धरून १८८८ ते १८९१ या काळात तिथे विटांचं देखणं चर्च उभारलं. त्यासाठी आम्ही अख्खी सकाळ ठेवतो. ही दोन्ही मिशनं १९२४ मध्ये एक होऊन आजचं मध्य आफ्रिकेचं प्रेस्बिटेरियन चर्च झालं. १९२६ मध्ये मध्य मलावीतल्या न्खोमाचं, दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चचं मिशन त्यात आलं.

लिव्हिंगस्टोनियाचा घाट कच्चा आणि नागमोडी आहे, अंधारात आम्ही गाडी चढवत नाही. शनिवारी दुपारीच वर पोचतो, म्हणजे रविवारची तुंबुका भाषेतली उपासना निवांत ऐकता येते. तारखा ठरवण्याआधी एकदा आम्हाला विचारा.